वाचनास कोण कोण बसते?

१

आमच्या चाळीत माझं बोलणं निम्मं करून घेतात. शीवच्या किल्ल्यावर एका घुबडानं मला नावानं हाक मारली, असं मी मागे एकदा सांगितलं, तेव्हा लोकांनी घुबड ठेवलं आणि हाक काढून टाकली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आता जे सांगतोय ते पूर्ण घ्या, नाहीतर पूर्ण सोडा. निम्मं करून मी स्वतःच बघितलं. निम्मं केलं की ते जास्त वाईट दिसतं.

माझा धंदा आवाजाचा. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे धडधडीत खोटं जो गृहस्थ फोनवर सांगायचा, तो काही वर्षं मी होतो. हल्ली पुस्तकं वाचतो, ऐकणाऱ्यांसाठी. सकाळी दहाला लालबागहून चालत करी रोडला जायचं. तिथे एका जुन्या गाळ्यात स्टुडिओ आहे. काचेपलीकडे वैदेही बसते, ती रेकॉर्डिंग बघते. काचेअलीकडे मी, माईक आणि चारही भिंतींना करडा फोम. आत कागद आणायचा नाही, हा तिचा नियम. पान उलटलेलंही माईकला ऐकू जातं, म्हणून सगळं टॅबवरून वाचायचं.

फेब्रुवारीत हाती आलेलं पुस्तक ललिताबाईंचं. बाई शिवाजी पार्कला राहतात, इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापक, वय ऐंशीच्या पुढे. विषय युरोपातला. तिकडची ती मोठी धर्मसुधारणा व्हायच्या आधी शंभर-दीडशे वर्षं इंग्लंडात काही साधी माणसं घराची दारं लावून, आपल्या बोलीत उतरवलेला धर्मग्रंथ वाचत बसायची. चर्चला ते चालत नव्हतं. लोक त्यांना लोलार्ड म्हणायचे. या शब्दाचा अर्थ बहुधा पुटपुटणारा असा असावा, म्हणून बाईंनी मराठीत त्यांना सरळ ‘पुटपुटे’ करून टाकलं होतं. त्यातले पुष्कळसे विणकर. बऱ्याच जणांना अक्षर येत नसे. एकजण वाचायचा, बाकीचे पाठ करायचे.

हे मी आमच्या शेजारच्या गणपतकाकांना सांगितलं. त्यांची सगळी उमर गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, गेलेली.

“विणकर होते?” काका म्हणाले. “मग ऐकणारच नाहीत कुणाच्या बापाचं.”

२

सोमवारी प्रकरण पाचवं होतं. त्यात चर्चच्या न्यायालयातली एक जबानी. कारकून विचारतो आणि लिहितो. एका विणकराची बायको उत्तरं देते. बाईंनी त्या जुन्या दप्तरांना शोभेल असं ताठ मराठी वापरलं होतं.

‘तुमच्या घरी वाचनास कोण कोण बसते?’

यावर त्या विणकरणीनं काहीच सांगितलं नव्हतं. मूळ कागदातही तेवढी जागा कोरी आहे म्हणे. ललिताबाईंनी तिथे नुसती टिंबं दिली होती.

“काका, टिंबांचं काय करायचं?” हेडफोनमध्ये वैदेही.

“थांबू ना जरा. टिंबं म्हणजे थांबणं.”

“किती?”

“चार श्वास.”

कारकुनाला मी खास आवाज लावला होता. सपाट, सभ्य, घाई नसलेला. प्रश्न विचारला, पहिला श्वास घेतला, आणि मला खोडी सुचली. रेकॉर्डिंग चालू असताना मधेच काहीबाही घुसडून वैदेहीला हसवणं, हा माझा जुना आजार. मी त्या विणकरणीचा बारीक आवाज काढला आणि सांगून टाकलं:

“कमळाबाई. गणपत. कांता. मालन.”

ही नावं सुचायचं कारण साधं. मालन ही माझी बायको. दर गुरुवारी दुपारी चारला आमच्या खोलीत ती पोथी वाचते. कमळाबाई समोरच्या खोलीतल्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, सही म्हणून अंगठा देणाऱ्या, पण अख्खी पोथी तोंडपाठ. मालन एक मात्रा चुकली तरी म्हातारी मिटल्या डोळ्यांनीच तिला मागे आणते. गणपतकाका भिंतीला टेकून ऐकतात. जिन्याजवळची कांता म्हणते की ती प्रसादाच्या साखरफुटाण्यांसाठी येते, पण एकही गुरुवार चुकवत नाही.

वैदेही हसून टेबलावर आडवी झाली. “काका, पुरे! कट करतेय हां मी हे.”

“कर,” म्हटलं, आणि विसरलो.

३

मंगळवारी संध्याकाळी नळावर कमळाबाईंनी मला अडवलं.

“काय रे दौलत, तुझो माणूस इल्लो दुपारी.”

“माझा कोण माणूस?”

“सोंग करू नको. फाईल घेऊन उंबऱ्याच्या भायेर उभो. पाणी नको म्हणालो, आत ये म्हटला तर नको म्हणालो. पुस्तकासारखो बोलत होतो. ‘तुमच्या घरी वाचनास कोण कोण बसते?’” त्यांनी नक्कल केली आणि दात नसलेल्या तोंडानं मनापासून हसल्या. “आणि आवाज अगदी तुझो. माका कळलां, मेल्या, तूच कुणाक तरी शिकवन धाडलंस.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“तुझी गंमत तुझ्यावरच उलटवलंय. म्हटलंय, नाय रे बाबा, आमच्यात कोण वाचणा नाय. माका काय एक येणा नाय. त्यानं लिवन घेतल्यान नि गेलो.”

तेव्हाच मी म्हणायला हवं होतं की मी कुणालाही पाठवलेलं नाही. पण न केलेल्या खोडीचं श्रेय घरबसल्या मिळत असताना ते कोण नाकारतो? मी नुसता मिश्या चाचपत हसलो. मनाशी हिशोब सोपा होता. चाळीच्या पुनर्विकासासाठी महिन्यातून दोनदा कुणीतरी फाईल घेऊन येतंच. वाचनालयाचा, पक्षाचा, कुणाचाही असेल. वाक्य? म्हातारीला मीच कधीतरी ऐकवलं असेल. आवाज? तिला ऐकू कमी येतं.

जिना चढताना आठवलं की कमळाबाईंना अजून सुईसुद्धा पडलेली ऐकू येते.

४

गुरुवारी चारला सगळे जमले. सतरंजी, समई, वाटीत साखरफुटाणे. मालन वाचायला लागली. मी पलंगावर उताणा, अर्धा कान तिकडे.

एका ओवीपाशी मालन अडखळली. नेहमीची जागा, तिथे ती दर वेळी चुकते आणि कमळाबाई दर वेळी सावरतात. ती थांबली. खोलीत पंख्याचा आवाज.

“बाई?” मालन म्हणाली.

मी कुशीवर वळून पाहिलं. कमळाबाईंचे ओठ हलत होते. भराभर, बिनचूक, जसे ओवी म्हणताना हलतात तसे. आवाज मात्र येत नव्हता. त्यांचे मिटलेले डोळे उघडले. त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला, मग माझ्याकडे पाहिलं.

“बरं वाटत नाही का, मावशी?” कांतानं विचारलं.

“बरां आसा,” त्या स्पष्ट म्हणाल्या. “जरा चाय टाक.”

म्हणजे आवाज होता. चहाला होता, ओवीला नव्हता.

उठताना त्यांना मी हात दिला. त्यांच्या पोलक्याच्या डाव्या बाहीवर तपकिरी दोऱ्याची एक बारीक नक्षी होती. चार-पाच काटक्या आणि मधोमध आवळलेली गाठ. एवढं बारीक काम आता त्यांच्या डोळ्यांना झेपत नाही. मी विचारणार होतो, पण गणपतकाकांनी कपबशी घ्यायला हात पुढे केला, आणि तीच नक्षी त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर दिसली.

“काका, हे काय?”

“काय?” त्यांनी बाही उलटसुलट करून पाहिली. त्यांना दिसतच नव्हतं. मग एकदम आठवल्यासारखं करून माझ्या पाठीत एक धपाटा घातला. “अरे हो, तुझा तो कारकून काल माझ्याकडे पण आला होता. मीही म्हातारीसारखंच सांगितलं, आमच्यात कोण वाचत नाही. कसा लिहून घेत होता! कुठून पकडून आणलास रे?”

“आवाज कसा होता?”

“तुझाच. घशात बसलेला.”

कांता हसली. तिच्याकडे अजून कुणी आलं नव्हतं.

“कांता, ऐक,” मी म्हणालो. “तो माणूस मी पाठवलेला नाही.”

“बरं भावजी,” तिनं काकांना डोळा मारला. “नाही तर नाही.”

५

शुक्रवारी वैदेहीला पाचवं प्रकरण लावायला सांगितलं.

“तुमचा फाजीलपणा मी त्याच दिवशी उडवलाय.”

“तरी लाव.”

हेडफोन घातला. माझा सपाट, सभ्य आवाज: ‘तुमच्या घरी वाचनास कोण कोण बसते?’ नावं नव्हती. होता चार श्वासांचा थांबा. आणि त्या थांब्यात एक आवाज होता. खर्र. थोडं थांबून पुन्हा खर्र. टोकदार काहीतरी जाड कागदावरून ओढल्यासारखा. मी मोजले. चार वेळा.

“हे काय आहे?”

वैदेहीनं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. कपाळाला आठी. “तुम्ही आत कागद नेला होता?”

“नाही.”

“मग खुर्ची असेल.”

“असेल.”

दोघंही काचेतून त्या खोलीकडे पाहत बसलो. फोम, माईक, रिकामी खुर्ची. तिनं तो थांबा पुसून नवा टाकला. मी घरी पोचलो तेव्हा कांता जिन्यात बसून तांदूळ निवडत होती. तिचे ओठ हलत होते. बाहीकडे बघायचं नाही असं ठरवूनही मी पाहिलं.

तिथूनच खाली उतरून टॅक्सी केली आणि शिवाजी पार्क गाठलं. ललिताबाई खिडकीशी बसल्या होत्या. नजर गेल्यात जमा आहे, म्हणून तर त्यांना स्वतःचं पुस्तक ऐकायची घाई.

“बाई, जबानीत जे नाही म्हणायचे, आम्ही वाचत नाही म्हणायचे, त्यांचं पुढे काय व्हायचं?”

“सातवं प्रकरण,” त्या म्हणाल्या. “तुम्ही वाचता, दौलतराव, की नुसतं म्हणता?”

“अजून आलेलं नाही हो सातवं.”

“नाही म्हटलं की सोडून देत. कपड्यावर लाकडांच्या मोळीची खूण शिवायची आणि ती वागवायची. बहुतेकांनी हेच केलं. माणसं होती ती, पोराबाळांची. मी त्यांना नावं ठेवणार नाही.”

“आणि सोडून दिल्यावर पुन्हा वाचताना सापडले तर?”

“दुसऱ्यांदा माफी नव्हती.”

“आणि जे पहिल्यांदाच हो म्हणायचे? हो, वाचतो, आणि वाचणार?”

बाईंनी चेहरा माझ्याकडे वळवला. “त्यांची मोळी कपड्यावर नसायची. पायाशी रचायचे.” मग जराशानं, “तुमचा आवाज का कापतोय?”

६

आता मालनबद्दल सांगायला हवं. मी जेवढं खोटं बोलतो, तेवढंच ती खरं बोलते. लग्नात नाव घेताना हिनं भर मांडवात सांगितलं होतं की मुलगा ठीक आहे, पण बोलतो फार. तीस वर्षांत तिनं एक शब्द मागे घेतलेला मला आठवत नाही.

त्या रात्री मी जेवलो नाही. सकाळी ती भाकऱ्या थापत होती तेव्हा म्हटलं, “मालन, कुणी विचारलं तर सांग, मी पोथी वाचत नाही.”

“का?”

मी सगळं सांगितलं. नावं, थांबा, बाह्या, मोळी. एकदाही मीठमसाला लावला नाही. तिनं भाकरी उलटली.

“छान आहे,” ती म्हणाली. “घुबडापेक्षा बरी आहे.”

“तुझ्या गळ्याची शपथ.”

“माझा गळा सोडा. कमळाबाईंचं वय झालंय. कांता कालपासून घसा धरून आहे, हवा बदललीये. बाह्या म्हणाल तर मला कुणाच्या बाहीवर काही दिसलं नाही.”

“तरी सांग ना. एवढंसं खोटं. माझ्यासाठी.”

“अहो, वाचते ती वाचते. कोण कुठला दारात येऊन विचारणार, आणि मी नाही म्हणू? चोरी केलीये का?”

मला तिचा राग आला, आणि रागाखाली भीती. शनिवार-रविवार मी घराबाहेर पडलो नाही. सोमवारी स्टुडिओत फोन करून घसा बसल्याचं सांगितलं. हे खोटं आपोआप आलं, आणि वैदेहीनं ते पूर्ण घेतलं.

सोमवारी दुपारी तीनच्या सुमारास गॅलरीतून पावलं आली. आमच्या गॅलरीच्या फरश्या सैल आहेत, कोण येतंय ते पायांवरून कळतं. हे पाय ओळखीचे नव्हते. चार फरश्या, थांबा. चार फरश्या, थांबा. मालन मोरीत भांडी घासत होती. मी धावत जाऊन दार लावलं, कडी घातली.

कडी वाजली नाही, दार खटखटलं नाही. फळीपलीकडून, अगदी माझ्या तोंडासमोरून, माझाच आवाज आला. सपाट, सभ्य, घाई नसलेला.

“तुमच्या घरी वाचनास कोण कोण बसते?”

मोरीतलं पाणी बंद झालं. “कोण आहे हो?” मालन पदराला हात पुसत बाहेर येत होती. मला तिचा चेहरा दिसला. ती हो म्हणणार होती. साधं, भांडी घासता घासता म्हणावं तसं.

“नाही!” मी दाराला तोंड लावून ओरडलो. “मालन वाचत नाही! तिला काही येत नाही, काही पाठ नाही, तिनं सगळं सोडलं!”

मग दाराच्या फटीतून मला दिसलं ते एवढंच: एक बाही, जाड, काळ्याशार कापडाची, आणि तिच्या टोकाशी हात असायला हवा होता तिथे पिसासारखं काहीतरी, कागदावरून एकदा ओढलं गेलेलं. खर्र. मग फरश्या. चार, थांबा. चार, थांबा.

“गेला,” मी म्हणालो. वळलो.

मालन माझ्याकडे बघत उभी होती. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, आणि आधी काय तपासून बघावं हे तिला कळलं. ती देव्हाऱ्यापाशी गेली, हात जोडले, रोजची पहिली ओवी म्हणाली. ओठ हलले.

पुन्हा म्हणाली. पुन्हा ओठच.

मग ती मोरीत गेली आणि उरलेली भांडी घासली. बराच वेळ. बाहेर आल्यावर एकच वाक्य बोलली. “मला विचारायचं तरी.”

७

मी तिला वाचवलं, असं मंगळवारभर स्वतःला सांगितलं. बुधवारी सांगणं जमेना. ती स्वयंपाक करायची, भाजीवाल्याशी घासाघीस करायची, माझ्याशी कामापुरतं बोलायची. ओठ हलायला लागले की भिंतीकडे तोंड करायची. डाव्या बाहीवरची नक्षी तिला दिसत नव्हती, पण त्या जागी ती सारखी खाजवायची.

गुरुवारी चारला मला वाटलं, कुणी येणार नाही. पावणेचारला मालननं सतरंजी घातली. समई लावली. वाटीत साखरफुटाणे काढले. कमळाबाई आल्या, कांताच्या खांद्यावर हात ठेवून. गणपतकाका आले आणि भिंतीला टेकले. मालननं पोथी उघडली, आणि चौघं पुटपुटायला लागले. आवाज नाही. चार तोंडं एकाच ओवीवर, एका लयीत उघडत, मिटत. मी पलंगावर बसून ते बघत होतो आणि मला ते बघवत नव्हतं.

एक पान झालं. मालन थांबली. पोथी उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

“मी नाही,” म्हटलं. “तुम्हाला कळत नाहीये. एकदा नाही म्हणून झालंय तुमचं. आता इथे कुणी वाचताना सापडलं तर माफी नाही. कोणालाच नाही.”

“सांगितलंत त्या दिवशी,” मालन म्हणाली.

“मस्करी वाटली होती तुला.”

“तेव्हा.”

मी कमळाबाईंकडे पाहिलं. “मावशी, तुम्ही तरी सांगा हिला.”

“वाच रे झिला,” म्हातारी म्हणाली. “माका ऐकूचा आसा.”

मी कधी पोथी वाचलेली नाही. आवाजाचा धंदा तीस वर्षं केला, कुणाकुणाचे आवाज काढले, पण या चौघांसमोर कुठला आवाज लावायचा ते कळेना. शेवटी कुठलाच लावला नाही. जो होता तो चिरका, घशात बसलेला निघाला. पहिली ओवी वाचली. दुसरी वाचली. त्यांचे ओठ माझ्या मागोमाग आले, आणि मला वाटलं, खरंच ऐकलं की नुसतं वाटलं ते सांगता येणार नाही, पण कमळाबाईंच्या बाजूनं अगदी तळातून काहीतरी उमटलं. मडकं भरताना येतो तसा आवाज.

तेवढ्यात गॅलरीत फरश्या वाजल्या. चार, थांबा. या वेळी पाय एकाचे नव्हते. पुष्कळ होते, आणि काहीतरी जड ओढत आणल्यासारखं फरफटत होतं. ओल्या लाकडाचा वास आला. कांतानं गणपतकाकांचा हात घट्ट धरला. दाराखालच्या फटीतला उजेड एका बाजूनं बुजत बुजत गेला.

कडी घातलेली नव्हती. मी वाचता वाचताच उठायला लागलो, आणि माझा शब्द चुकला.

मालननं मान हलवली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. तिचं बोट पोथीवर आलं, चुकलेल्या ओवीच्या सुरुवातीला टेकलं, आणि तिथेच थांबलं.

मी ती ओवी पहिल्यापासून वाचली. मोठ्यानं.